आर्वी बसस्टँडच्या मागचं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान : विमानात मोडलेल्या लॅपटॉपचा माझा अनुभव

आर्वी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक लोखंडी जिना आहे, वर चढलं की "लॅपटॉप कॉम्प्युटर रिपेअरिंग" एवढाच बोर्ड, दुसरं काही नाव नाही. त्या दुकानाबद्दल लिहायचं आहे. जुलैत तीन आठवड्यांत मी तिथे सात चकरा मारल्या आणि त्याच्या आधी नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्येही जाऊन आली, म्हणून दोन्हीकडे जे पाहिलं ते सांगते. पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे एका लॅपटॉपवर काय काय अवलंबून असते ते समजेल. आर्वीहून १४ किलोमीटरवर आमचं गाव, तिथे मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पॅनकार्ड, लाईट बिल, आणि जुलै आला की पीक विमा. खरिपाच्या विम्याची मुदत ३१ जुलै. २०२५ पासून एक रुपयावाली योजना बंद झाली, आता कास्तकाराला आपला हिस्सा भरावा लागते, त्यात फार्मर आयडी नसला तर फॉर्म पुढे सरकतच नाही, म्हणजे एकेका माणसामागे पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. हे सगळं एकाच लॅपटॉपवर. दोन वर्षांपूर्वी ४६ हजारांत हप्त्यानं घेतलेला, शेवटचा हप्ता मार्चमध्येच फिटला.

जूनच्या शेवटी भावाकडे बंगळुरूला गेली, वहिनीचं बाळंतपण होतं. थोडंफार काम तिथूनही होते म्हणून लॅपटॉप सोबत नेला. येताना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळुरू ते नागपूर विमान होतं. सामान म्हणजे एकच छोटी ट्रॉली बॅग, सात किलोच्या आत, ती केबिनमध्येच राहणार म्हणून लॅपटॉप त्यातच कपड्यांच्या मधात ठेवला. बोर्डिंगची लाईन लागली, माझा नंबर आला तर गेटवरची मुलगी म्हणाली मॅडम वरचे कप्पे भरले, ही बॅग खाली सामानात जाईल, पैसे लागणार नाहीत. टॅग लावला. तिनं विचारलं पॉवर बँक आहे का, असेल तर काढून घ्या. मी काढून पर्समध्ये टाकली. लॅपटॉपचं तिनं विचारलं नाही, मागून लोक ढकलून राहिले होते, आणि माझ्याही तोंडून निघालं नाही. त्या अर्ध्या मिनिटाची हळहळ मला आजही वाटते, कारण मी नुसतं म्हटलं असतं की थांबा यात लॅपटॉप आहे, तर तिनं काढू दिला असता, एवढंच काम होतं.

पॉवर बँकचं का विचारतात ते मला नंतर भावानं सांगितलं. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालतच नाहीत, कारण पेट घेतला तर केबिनमध्ये माणसं असतात, लगेच दिसते, विझवता येते, खाली कोणीच नसते. लॅपटॉपची बॅटरी मशीनच्या आत बसलेली असते म्हणून तो खाली जाऊ शकतो, पण तेव्हाही पूर्ण शट डाऊन केलेला पाहिजे आणि दबणार नाही असा बांधलेला पाहिजे. माझा नुसता झाकण लावून स्लीपवर होता. म्हणजे स्क्रीन फुटली त्याच्यापेक्षा वाईटही होऊ शकलं असतं.

नागपूरला बेल्टवर बॅग आली तेव्हा लांबूनच दिसलं की एक चाक नाही आणि एक कोपरा आत गेलेला, पाण्याच्या गुंडावर पोचा पडतो तसा. तिथेच बाजूला फरशीवर बसून बॅग उघडली. लॅपटॉपचं झाकण उजव्या बाजूनं वर आलेलं, बिजागरीजवळ प्लास्टिक फाटून आतली काळी तार बाहेर दिसून राहिली होती. उघडून पाहिला तर खालच्या कोपऱ्यातून सगळीकडे चिरा, अर्धी स्क्रीन काळी आणि उरलेल्या अर्ध्यात हिरवे जांभळे पट्टे. माझे हातपायच गळाले. ३१ जुलैला किती दिवस राहिले तेच डोक्यात.

बाहेर आमचे हे घ्यायला आले होते, फोनवर म्हणून राहिले, "निघ लवकर, चारची एसटी निघून जाईन, मग रात्र होते." मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, कागद घेतल्याशिवाय त्या दारातून बाहेर पडू नको. एकदा बाहेर गेली की ते म्हणतील तुझ्याच हातून पडला." हा कागद म्हणजे पीआयआर, प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, सामान मोडलं किंवा आलंच नाही तर त्याची नोंद. बेल्टजवळच विमान कंपनीचं काउंटर असते तिथे तो भेटतो. काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला बॅगचा रिपोर्ट भरतो, लॅपटॉपचा नाही, इलेक्ट्रॉनिक वस्तू आम्ही कव्हर करत नाही. मी म्हटलं दादा, कव्हर होते की नाही ते नंतर पाहू, आत्ता तुमच्यासमोर काय मोडलेलं दिसते तेवढं लिहा. वीस पंचवीस मिनिटं हेच चाललं. शेवटी त्यानं बॅगच्या खाली एक ओळ वाढवली, लॅपटॉपची स्क्रीन आणि बिजागरी तुटलेली, टॅगचा नंबर टाकला, सही केली. तिथेच उभ्याउभ्या मी बॅगचे, लॅपटॉपचे, टॅगचे फोटो काढले. चारची एसटी गेली, मुक्काम नणंदेकडे मानेवाड्याला झाला, पण त्या एका ओळीनं पुढे जे काम केलं ते पाहता एसटी गेल्याचं मला काहीच वाटत नाही.

नागपुरात थांबलोच होतो तर सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. एसी, टोकन, सगळं चकाचक. लॅपटॉप काचेच्या मागे नेला आणि थोड्या वेळानं प्रिंट आणून दिली : डिस्प्ले असेंब्ली, वरचं झाकण, खालचा बेस, लेबर, जीएसटी, सगळं मिळून २७,४०० रुपये. वॉरंटी संपलेली होती, आणि असती तरी पडून झडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, त्याच्यासाठी अॅक्सिडेंटल डॅमेजचं वेगळं कव्हर घेतलेलं लागते. पार्ट यायला १५ ते २० दिवस. फॉर्मवर एक ओळ होती की डेटाची जबाबदारी आमची नाही. मी विचारलं आतला मदरबोर्ड चांगला आहे का तेवढं सांगा, तर म्हणाले नवीन स्क्रीन बसवल्यावर समजेल. त्या लोकांची बोलण्याची रीत चांगली होती, त्यांना दोष देत नाही, त्यांचे नियमच तसे असतील. पण मला एकच गोष्ट पाहिजे होती, आतलं चालू आहे की गेलं. त्यात दीडदोनशे लोकांचे कागद होते, ते परत गोळा करायचे तर वावरातून एकेकाला बोलवावं लागलं असतं, डवरणीच्या दिवसांत. तपासणीचे ३५० रुपये भरून ती प्रिंट घेऊन गावाला आली.

घरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, छपरीत बसले होते. त्यांनी लॅपटॉप पाहिला, काहीच बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "आता लोकायचे फारम कायच्यावर भरशीन माय?"

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सरांनी हे दुकान सांगितलं. अकरा वाजता गेली. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक लांब टेबल, वर ट्यूबलाईट, भिंतीला जुना टीव्ही, कोपऱ्यात इन्व्हर्टर. दुकानवाला भाऊ तिशीतला असेल, नागपूरला सीताबर्डीत काही वर्षं दुकानावर काम करून आपल्या गावी परत आलेला. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला तर त्यानं हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, घरी चार्जर लावला होता का?"

"लावला होता रात्री, चालू होते का पाहायला."

"आता नका लावू. बॅटरीले मार लागला असन तर चार्जिंगवर फुगते. आधी उघडून पाहू, इथंच, तुमच्यासमोर. फोटो काढत राहा तुमच्या मोबाईलमधी."

हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आतापर्यंत मोबाईल असो की प्रिंटर, दुरुस्तीला दिला की तो आत जातो, बाहेर येतो आणि आपण पैसे देतो. ह्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढून दिली. मागचे दहा स्क्रू काढले आणि अंड्याच्या ट्रेमध्ये एकेका खड्ड्यात एकेक ठेवला, खड्ड्यांवर स्केच पेननं नंबर लिहिलेले. मी विचारलं एवढं कायले, तर म्हणाला काही लांब असतात काही आखूड, लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर खालून बोर्डात घुसते आणि चांगली मशीन तिथंच मरते. मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं कडेकडेनं झाकण सोडवत गेला, टक टक आवाज येत होता आणि प्रत्येक टकीला माझा जीव खालीवर. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं, बॅटरी बाहेर घेऊन सपाट काचेवर ठेवली आणि बोटानं चारही कोपरे दाबून पाहिले. फुगली असती तर ती काचेवर डुलली असती म्हणाला. डुलली नाही.

मदरबोर्डवर टॉर्च मारून कडा पाहिल्या, रॅम काढून ब्रशनं पुसून परत बसवली. मग टीव्हीची एचडीएमआय वायर लॅपटॉपला लावली. हे एवढं साधं कोणालाही घरी करता येते, स्क्रीन फुटली आणि लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक असलं तर टीव्हीला लावून पाहायचं, टीव्हीवर चित्र आलं म्हणजे नुकसान बहुतेक स्क्रीनपुरतंच आहे. बटन दाबलं. पंखा फिरल्याचा आवाज आला, टीव्ही काळाच. पंधरावीस सेकंद गेले असतील, मग कंपनीचा लोगो आला आणि पासवर्डची जागा आली.

मी पासवर्ड सांगायला लागली तर त्यानं हात वर केला, "सांगू नका. तुम्हीच टाका," आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पासवर्ड टाकला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर आमच्या बैलजोडीचा पोळ्याचा फोटो आला, झूल घातलेली, शिंगांना बेगड, बाजूला मामाजी फेटा बांधून. आणि त्याच्यावर ओळीनं सगळे फोल्डर, खरीप २०२३, खरीप २०२४, खरीप २०२५, एकही गेलेला नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पासवर्डचं मी मुद्दाम लिहिलं. सेवा केंद्राच्या लॅपटॉपमध्ये लोकांचे आधार, पासबुक, सातबारे असतात, विश्वासानं दिलेले. कितीतरी ठिकाणी कागदावर पासवर्ड लिहून मागतात आणि मशीन दोन दिवस त्यांच्याकडे पडून राहते. साडेचारपैकी एक अख्खा स्टार मी त्या खिडकीकडे फिरवलेल्या तोंडाला दिला आहे.

डेटा वाचला त्याचं कारण त्यानं सांगितलं, यात एसएसडी आहे, आत फिरणारी चकती नाही, म्हणून मार सहन केला, जुनी हार्डडिस्क असती तर सांगता आलं नसतं. तरी तो म्हणाला आज चालू आहे म्हणजे उद्या राहीनच असं नाही, आत्ताच बॅकअप घ्या. माझ्याच पेनड्राइव्हवर ४१ जीबी घेतला, पाऊण तास लागला, तेवढ्या वेळात त्यानं खालून चहा मागवला. आता मी दर शनिवारी बॅकअप घेते.

आता अडचण अशी की स्क्रीन नागपूरहून येईपर्यंत आठ दिवस आणि माझ्याकडे रोज वीसपंचवीस लोक. हे मी बोलली तर तो माळ्यावर चढला आणि एक जुना १९ इंची मॉनिटर काढला, पुसला, एचडीएमआयचा कन्व्हर्टर लावून चालवून दाखवला. म्हणाला घेऊन जा, हजार रुपये डिपॉझिट ठेवा, परत आणला की परत देतो. आणि लॅपटॉपचं फुटलेलं झाकण त्यानं पूर्ण वेगळंच करून दिलं, कारण ती उघडी पडलेली तार कुठे टेकली तर बोर्ड जाऊ शकतो. त्यात एक बारीक गोष्ट पाहिली, वायफायच्या दोन तारा स्क्रीनच्या झाकणातूनच गेलेल्या असतात, झाकण काढलं की नेट पकडत नाही, म्हणून त्यानं त्या हळूच सोडवून कीबोर्डाच्या मागच्या कडेला टेपनं चिकटवल्या. हे त्यानं केलं नसतं तर मी घरी येऊन हॉटस्पॉटशी झगडत बसली असती.

मॉनिटर दुपट्ट्यात गुंडाळला, वरून खताच्या रिकाम्या चुंगडीचं प्लास्टिक, आणि मोटरसायकलवर मांडीवर धरून भर पावसात १४ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र चालू. लोक येऊन पाहत होते की ताईच्या लॅपटॉपले डोकंच नाही. एक त्रास झाला तो सांगते, लॅपटॉपला बॅटरी आहे पण मॉनिटरला नाही, त्यामुळे लाईट गेली की सगळं चालू असून काही दिसत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट रोज जाते. शेवटी शेजारच्या किराणा दुकानाच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. अशा मशीनवर मी ११ दिवसांत १८३ फॉर्म भरले. एकही कास्तकार परत गेला नाही.

स्क्रीनचं काम मात्र लांबलं. स्क्रीनच्या पाठीमागे स्टिकरवर पॅनेलचा नंबर असतो, त्याच नंबरची किंवा त्याला चालणारी मागवावी लागते, नुसतं १५.६ इंची म्हणून चालत नाही, कारण मागचं कनेक्टर कोणाचं ३० पिनचं असते कोणाचं ४० पिनचं. भाऊनं बरोबर मागवली, पण आलेल्या पॅनेलमध्ये डाव्या बाजूला केसाएवढी उभी रेघ होती. मला ती दिसलीही नसती. त्यानंच पांढरी स्क्रीन करून दाखवली आणि म्हणाला ही मी बसवत नाही, परत पाठवतो. चार दिवस वाया गेले, माझी एक चक्कर वाया गेली, मला तेव्हा राग आला होता, फोन करून सांगितलं असतं तर आली नसती. पण रेघवाली बसवून पैसे घेणारेही असतात, हे समजते.

बिजागरीचं काम मी बसून पाहिलं. बिजागरी ज्या स्क्रूंवर बसते त्यांच्यासाठी प्लास्टिकमध्ये छोटे पितळी नट बसवलेले असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. बॅग दबली तेव्हा ते नट प्लास्टिकासकट उपटून आले होते, दोन तर झाकणातच सुटे खुळखुळत होते. नवीन झाकण भेटून नाही राहिलं म्हणून त्यानं जुनी जागा पॉलिश पेपरनं घासली, नट सरळ उभे केले, इपॉक्सी भरली आणि चोवीस तास हात लावला नाही. बिजागरीची जोडी नवीन टाकली. बसवताना थोडी सैल केली, कारण त्याचं म्हणणं घट्ट बिजागरीच प्लास्टिक उपटते, आणि मला सांगितलं झाकण कोपऱ्यातून नाही, मधातून धरून उघडायचं.

बिल असं झालं : पॅनेल ४,६०० रुपये, बिजागरीची जोडी ८५०, मजुरी १,२००, इपॉक्सीचं काम मजुरीतच. एकूण ६,६५०. सर्व्हिस सेंटरच्या २७,४०० समोर हे ठेवून पाहा. हां, तिथे सगळे पार्ट कंपनीचे आणि नवे भेटले असते, इथे झाकण जुनंच आहे, त्याला एक वण दिसतो, हा फरक खरा आहे. फुटलेली स्क्रीन आणि तुटलेल्या बिजागऱ्या त्यानं न मागता पिशवीत घालून परत दिल्या. मॉनिटर नेऊन दिला तर हजाराची नोट तिथल्या तिथे हातात.

आता विमान कंपनीचं. नाव लिहीत नाही, अटी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच आहेत. सात दिवसांच्या आत ईमेल केला, सोबत पीआयआर, बोर्डिंग पास, टॅगचा फोटो, लॅपटॉपचं खरेदीचं बिल, सर्व्हिस सेंटरची प्रिंट आणि ह्या दुकानाचं पत्र. त्या पत्राचं विशेष सांगायचं आहे. मी म्हटलं भाऊ क्लेमसाठी लिहून पाहिजे, तर त्यानं लेटरहेड नव्हतं म्हणून खाली झेरॉक्सवाल्याकडे टाईप करून आणलं, त्यात लॅपटॉपचा सीरियल नंबर, काय काय तुटलं, आणि एक वाक्य की उजव्या कोपऱ्यावर बाहेरून दाब पडल्याच्या खुणा आहेत, पाण्याच्या नाहीत. मी म्हटलं "विमानात तुटला" असंही लिहा न, तर नाही म्हणाला, "मी विमानात नव्हतो ताई. जे पाहिलं तेच लिहीन." तेव्हा मला थोडं खटकलं, आता वाटते म्हणूनच त्या पत्राला किंमत आली.

सहा दिवसांनी कंपनीचं उत्तर, इलेक्ट्रॉनिक आणि नाजूक वस्तू खालच्या सामानात टाकल्या तर जबाबदारी नाही, सद्भावना म्हणून पुढच्या प्रवासाचं १,५०० रुपयांचं व्हाउचर घ्या. मी वर्षातून एकदा विमानात बसत नाही, व्हाउचर घेऊन काय करू? उत्तर लिहिलं की बॅग मी खाली टाकलीच नाही, ती केबिनची होती, गेटवर तुम्ही घेतली आणि विचारलं फक्त पॉवर बँकचं. सोबतच केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, पीआयआरच्या नंबरसकट. देशातल्या प्रवासात सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा आलं तर कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २० हजारांपर्यंत आहे, ते प्रवाशांच्या हक्कांच्या सरकारी सनदेतच आहे, तेही त्यात लिहिलं. आमच्या गावचा एक मुलगा दुबईला असतो, त्याच्यासारख्यांसाठी सांगते, परदेशच्या प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, त्यात सामान मोडलं तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते आणि मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. आपल्या देशातल्या माणसाच्या बॅगेची किंमत एवढी कमी का धरली ते मला पटलेलं नाही, लॅपटॉप दोन्हीकडे तोच असतो.

पुढे दोन ईमेल झाले आणि सहाव्या आठवड्यात ५,००० रुपये खात्यात आले. सगळे नाही आले. ग्राहक आयोगात जायची तयारी होती, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्याच जिल्ह्यात, म्हणजे मला वर्ध्याला तक्रार करता आली असती. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोनही केला होता, त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण उरलेल्या १,६५० रुपयांसाठी केंद्र बंद ठेवून तारखांना जाणं परवडणारं नव्हतं म्हणून थांबली. ज्याचं नुकसान मोठं आहे त्यानं थांबू नये.

अर्धा स्टार कापला तो ह्याच्यासाठी. भाऊ फोन उचलत नाही, काम चालू असलं की हात रिकामे नसतात हे ठीक, पण बाहेरगावच्या माणसाची पूर्ण दिवसाची चक्कर होते. माझ्या सातपैकी तीन चकरा फोनवरच्या एका शब्दानं वाचल्या असत्या. दुसरं, पॅनेलची तीन महिन्यांची वॉरंटी त्यानं तोंडी सांगितली, बिलावर लिहा म्हटल्यावर लिहिली, सगळ्यांना आपणहून लिहून दिली पाहिजे. आणि नवीन स्क्रीनचा उजेड मूळच्यापेक्षा किंचित कमी आहे, दुपारी दारातून ऊन आलं की ब्राइटनेस पूर्ण करावा लागते. फॉर्म भरायला काही अडत नाही, फोटोचं काम करणाऱ्यानं मात्र आधी पॅनेल विचारून घ्यावं.

हे लिहिते तेव्हा दोन महिने होत आले, बिजागरी ठीक आहे, वण तसाच आहे, बॅटरी पहिल्यासारखी चालते. एप्रिल २०२५ पासून अमरावतीला बेलोऱ्यालाही प्रवासी विमान सुरू झालं, म्हणजे आपल्याकडचे अजून लोक पहिल्यांदा विमानात बसतील, शिकणारी पोरं लॅपटॉप घेऊन जातील. त्यांनी लॅपटॉप ट्रॉलीत नाही, पाठीवरच्या छोट्या बॅगेत ठेवावा, ती बॅग सीटखाली मावते, गेटवर कोणी मागत नाही. आणि ट्रॉली खाली द्यायची वेळ आलीच तर तिथेच उघडून लॅपटॉप हातात घ्यायचा, मागे कितीही लाईन असली तरी.

दुकान सकाळी अकराला उघडते, संध्याकाळी सातपर्यंत असते, बाजाराच्या दिवशी गर्दी फार. फोन करत बसू नका, सरळ जिना चढा. चार्जर आणि खरेदीचं बिल सोबत न्या, आणि चार्जर लावून पाहायचा मोह झाला तरी भाऊला दाखवल्याशिवाय लावू नका.